प्रॉक्सिमिटी : सगळ्या विषयांत एकच भानगड का प्रत्येकाची वेगळी?

कुंपणावरची
नमस्कार मंडळी, पीएचडीचं कोर्सवर्क चालू आहे आणि सेमिनारला 'वेगवेगळ्या ज्ञानशाखांमधली प्रॉक्सिमिटी' (म्हणजे जवळीक, जवळपणा) हा विषय गळ्यात पडलाय. वाचायला घेतलं तर जो तो आपलंच घोडं दामटतोय. भूगोलवाल्यांचा टोबलर, मानसशास्त्रवाल्यांचा फेस्टिंगर, मानववंशशास्त्रात हॉल, इनोव्हेशनवाल्यांकडे बोश्माने २००५ मध्ये पाच प्रकारच पाडून ठेवलेत (भौगोलिक, बौद्धिक, सामाजिक, संघटनात्मक, संस्थात्मक) आणि कायद्यात तर निकालच्या निकाल. यादी करून स्लाइड्स भरतील हो, पण मॅडम पहिल्यांदा विचारणार 'बरं, मग?' हे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? सुरुवात कुठून करू?

घाटमाथा
टोबलरपासून करा. १९७० चा पेपर आहे, डेट्रॉइटची लोकसंख्या कशी पसरेल याचं कंप्युटरवर सिम्युलेशन करत होता आणि गणित आवाक्यात राहावं म्हणून लिहून गेला की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्याचा लांबच्यापेक्षा जास्त. त्यालाच त्याने भूगोलाचा पहिला नियम म्हटलं. पावसाचे नकाशे करतात ते याच्याच जिवावर, दोन रेनगेजच्या (पाऊस मोजायच्या यंत्रांच्या) मधल्या गावाचा आकडा आजूबाजूच्या आकड्यांवरून काढायचा. आता गंमत बघा, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि पाचगणी तिथून वीसेक किलोमीटर पण पाऊस निम्माही नाही, पसरणी घाट उतरून वाईला आलात की आणखी कमी. तेच घाटमाथा धरून उत्तर-दक्षिण तेवढंच गेलात तर इतका फरक पडत नाही. म्हणजे किलोमीटर तेवढेच, पण सह्याद्रीला समांतर गेलं की जवळ आणि आडवं गेलं की लांब. हे सॉफ्टवेअरला बजावून सांगावं लागतं, नाहीतर ते वाईकरांना बारमाही छत्र्या वाटत सुटतं. त्यामुळे प्रत्येक शाखेला आधी हे विचारा की बाई गं, तू अंतर मोजतेस कशात?

डबा_क्रमांक_४
हॉलचं एक सांगतो. माणसं एकमेकांपासून किती अंतर राखतात याचे १९६६ च्या पुस्तकातले त्याचे आकडे, दीड फुटाच्या आत जिव्हाळ्याचं अंतर, चार फुटांपर्यंत वैयक्तिक, बारापर्यंत सामाजिक, पुढे सार्वजनिक, लोक सरसकट अख्ख्या जगाला लावतात. पण त्याने स्वतःच सांगितलंय की ही निरीक्षणं मुख्यत्वे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडच्या मध्यमवर्गीयांची आहेत. सकाळच्या विरार लोकलमध्ये दीड फूट मागून बघा कोणी देतंय का! मात्र गर्दीबद्दलही त्याने लिहिलंय, की माणसं अंग चोरून हलायची थांबतात आणि नजर कुठेतरी लांब लावून बसतात. हे मात्र इथेही तंतोतंत. खांद्याला खांदा लागलाय आणि दोघांनीही ठरवलंय की समोरचा नाहीच.

वकिलीणकाकू
कायद्यात फुटपट्टीच नाही गं. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन घे. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझलीला एका कॅफेत मैत्रिणीने घेऊन दिलेलं जिंजर बिअर, अर्धं प्यायल्यावर बाटलीतून कुजकी गोगलगाय निघाली अशी बाईची तक्रार (गोगलगाय खरंच होती का हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही, प्रकरण पुढे मिटवलं). कारखानदार स्टीव्हन्सनशी तिचा करार नाही, पैसेही तिने दिलेले नाहीत. तरी १९३२ मध्ये न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन म्हणाले की माझ्या कृतीची झळ ज्याला थेट बसेल हे माझ्या लक्षात यायलाच हवं, तो माझा शेजारी, म्हणजे त्याला जपणं माझी जबाबदारी. आता उलटी बाजू, न्यूयॉर्कची पॅल्सग्राफ केस. गाडी पकडणाऱ्या माणसाला रेल्वेच्या लोकांनी आत ढकललं, त्याचं पुडकं पडलं, त्यात निघाले फटाके, स्फोट झाला आणि त्याच प्लॅटफॉर्मवर लांब उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर वजनकाटा कोसळला. १९२८ मध्ये ती हरली. कारखान्यात बसलेला स्टीव्हन्सन शेजारी आणि एकाच प्लॅटफॉर्मवरची रेल्वे शेजारी नाही! याच केसमधल्या अल्पमतातल्या न्यायमूर्ती अँड्र्यूजनी तर साफ लिहिलंय की कारणांची साखळी कुठेतरी तोडायची म्हणून कायदा ती मनाने तोडतो, यात तर्कशास्त्र नाही, व्यवहार आहे. तुमच्याकडे आधी जवळ असतं आणि मग परिणाम होतो. आमच्याकडे जबाबदारी टाकायची का ते ठरवताना 'जवळ' ठरतं.

कुंपणावरची
काकू, हे भारी आहे. मग फेस्टिंगर कुठे बसतो? तिथे तर जवळ राहिले म्हणून दोस्ती झाली असंच ना?

चाळकरी
हो, पण फुटांवर जाऊ नका. १९५० चा अभ्यास, एमआयटीच्या लग्न झालेल्या विद्यार्थ्यांची वसाहत, घरं वाटून दिलेली म्हणजे कोणी शेजार निवडलेला नाही, हीच त्यातली मेख. दुमजली इमारती, मजल्यावर पाच बिऱ्हाडं. लागून असलेल्या दारांत ४१ टक्के वेळा जवळची मैत्री निघाली, एक दार सोडून २२, मजल्याच्या दोन टोकांना १०, आणि ही टोकंसुद्धा काही मैलभर लांब नव्हती. त्याहून भारी म्हणजे तळमजल्यावर जिन्यापाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी, कारण वरचे त्यांच्याच दारावरून जाणार. म्हणजे मोजायचं ते वाटेत किती वेळा गाठ पडते हे. चाळीत नळाजवळच्या खोलीला हे सांगायला संशोधन लागत नाही.

शून्यलब्धी
गणितात याहून वाईट परिस्थिती आहे :) हेन्सेलचे पी-ॲडिक आकडे घ्या, तिथे दोन आकड्यांतला फरक एका मूळ संख्येने जितक्या वेळा भागला जाईल तितके ते जवळ. पाच धरून १ आणि ६२६ अगदी जवळ कारण फरक ६२५ ला पाचाने चार वेळा भाग जातो, आणि १ आणि २ लांब. काही नियम पाळले की अंतर आपण ठरवू ते.

पोथीवाला
आपल्याकडचं कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. न्यायशास्त्रात वाक्याचा अर्थ कळायला आकांक्षा (शब्दांना एकमेकांची गरज), योग्यता (त्यांचे अर्थ जुळणं) आणि संनिधी लागते. तर्कसंग्रहात अन्नंभट्ट म्हणतात की पदं विलंब न करता उच्चारणं म्हणजे संनिधी. 'गाय' आत्ता म्हणालात आणि 'आण' प्रहराने म्हणालात तर कोणी गाय आणणार नाही. इथे जवळपणा वेळेतला आहे. पाणिनीचं 'परः संनिकर्षः संहिता'ही बघा, वर्ण अगदी चिकटून आले की मग संधीचे नियम लागू होतात.

घाटमाथा
@कुंपणावरची, बोश्माच्या पाच प्रकारांची नुसती स्लाइड करून सोडू नका. त्याचा खरा मुद्दा पुढे आहे, जवळीक जास्त झाली तरी नुकसान होतं. दोन कंपन्यांची माणसं सारखंच शिकलेली, सारखाच विचार करणारी असली की एकमेकांकडून शिकायला काही उरत नाही, आणि फार घट्ट संबंध असले की बाहेरचं नवीन आत येत नाही. नुसतं एका गावात असणं त्याच्या मते पुरेसंही नाही आणि आवश्यकही नाही. काकूंच्या केसेस आणि हे समोरासमोर ठेवलंत तर मॅडमना विचारायला बरंच मिळेल.