पहिली स्पर्धा, हातात १२ आठवडे, वजन ८२ किलो: आहार, पोझिंग आणि 'पाणी बंद'बद्दल विचारायचंय

नवा_भिडू

नमस्कार. १२ आठवड्यांनी होणाऱ्या हौशी गटाच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत पहिल्यांदाच उतरायचा विचार आहे. उंची १७४ सेंमी, वजन ८२ किलो, चिमट्याने (कॅलिपरने) कातडीची घडी मोजून काढलेली चरबी साधारण १६ टक्के. ४ वर्षं सलग व्यायाम आहे, औषधं काहीही नाहीत. रोज २७०० कॅलरी खाल्ल्या की वजन जागचं हलत नाही.

आहार किती आणि कसा कमी करत न्यायचा? पोझिंग शेवटच्या महिन्यात सुरू केलं तर चालेल का? आणि जिममध्ये जो तो सांगतो की शेवटचे ३ दिवस मीठ बंद आणि आदल्या दिवसापासून पाणी बंद. हे करावंच लागतं का?

---

वजनकाटा

आधी हिशोब मांडू, आहार नंतर. ८२ किलोचे १६ टक्के म्हणजे १३ किलो चरबी. उरले ६९. स्टेजवर कट (स्नायूंमधल्या रेषा) दिसायला चरबी ५-६ टक्क्यांवर यावी लागते, आणि कितीही सांभाळलं तरी ६९ मधला एखादा किलो जातोच. म्हणजे तुमचं स्टेजचं वजन ७२ च्या आसपास. १० किलो उतरवायचे आहेत.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का इतकाच वेग ठेवला तर स्नायू टिकतो. एकाही आठवड्यात न चुकता पूर्ण एक टक्का गेला, तरी १२ आठवड्यांत सव्वानऊ किलो होतात. शेवटच्या महिन्यात तर वेग मुद्दाम कमी करावा लागतो, कारण चरबीचा साठा आटत आला की शरीर स्नायूवर हात टाकतं. त्यात चिमट्याचं माप ३-४ टक्क्यांनी सहज चुकतं. म्हणून १२ आठवडे पुरणार नाहीत. १८ ते २० आठवडे धरा आणि त्यानुसार पुढची स्पर्धा निवडा. मेन्स फिजिक गटात मांड्या शॉर्ट्सखाली झाकलेल्या असतात म्हणून काही जण तिकडे वळतात. पण कंबरेचा मागचा भाग आणि बेंबीखालचं पोट तिथेही उघडंच असतं, आणि पुरुषांची चरबी सगळ्यात शेवटी तिथूनच निघते.

आता आकडे. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आठवड्याला ६०० ग्रॅम घालवायचे तर रोज ६५० कॅलरींची तूट हवी. म्हणजे सुरुवात २०५० पासून. त्यात प्रोटीन १७० ग्रॅम (चरबी वगळून जे वजन उरतं त्याच्या किलोमागे २.५ ग्रॅम), फॅट ६० ग्रॅम, आणि उरलेलं सगळं कार्ब्ज, म्हणजे २०५ ग्रॅमच्या आसपास. फॅट ५० च्या खाली नेऊ नका, हार्मोन्स आणि झोप दोन्ही बिघडतात. कार्ब्जचा मोठा हिस्सा व्यायामाच्या आधी आणि नंतर ठेवा.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा. पण बघायची ती आठवड्याची सरासरी. रोजचा आकडा मीठ, झोप, पोटातलं अन्न यांनी दीड किलोपर्यंत वर-खाली होतो. सोबत बेंबीच्या रेषेत कंबर मोजा आणि आठवड्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात समोरून, बाजूने, मागून फोटो काढा. सरासरी आणि कंबर दोन्ही सलग २ आठवडे अडली, तरच १५० कॅलरी कमी करा किंवा रोजची २००० पावलं वाढवा. दोन्ही एकदम नको. दहाव्या आठवड्यात वापरायला हातात काहीतरी शिल्लक लागतं. पहिल्याच दिवशी १५०० कॅलरी आणि दोन वेळा कार्डिओ सुरू करणाऱ्याकडे पुढे कमी करायला काही उरत नाही.

'सगळं बरोबर खातोय तरी वजन उतरत नाही' असं होतं तेव्हा चूक बहुधा नोंदीत असते. १०० ग्रॅम कोरड्या तांदळाचा शिजून २८०-३०० ग्रॅम भात होतो. एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर लिहिलं की सगळा हिशोब ढासळतो. तेलाचा एक मोठा चमचा १२० कॅलरी. तेल अंदाजाने कधीच ओतू नका, बाटली काट्यावर ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन बघा.

व्यायामात एकच मोठी चूक टाळा: कटिंग (चरबी उतरवणं) सुरू झालं म्हणून हलकं वजन आणि एका सेटमध्ये २५-२५ रेप्स (आवर्तनं). ज्या वजनाने स्नायू बनला त्याच वजनाने तो टिकतो. वजन तेवढंच ठेवा. शेवटच्या ६-८ आठवड्यांत व्यायामाचा थकवा उतरायला वेळ लागू लागला, की सेट्स एक चतुर्थांशाने कमी करा.

---

सातवी_पोझ

पोझिंग शेवटच्या महिन्यात सुरू करणं म्हणजे भरलेल्या शरीराचे गुण स्वतःच्या हाताने सोडून देणं. आजपासून सुरू करा, रोज १५ मिनिटं. शेवटच्या ४ आठवड्यांत रोज अर्धा तास.

सक्तीच्या सात पोझेस अशा: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स, आणि अ‍ॅब्डॉमिनल अँड थाय. त्याआधी क्वार्टर टर्न असतात: समोर, मग दर वेळी उजवीकडे वळत बाजू, पाठ, दुसरी बाजू. या उभं राहण्याला 'रिलॅक्स्ड' म्हणतात, आणि नवखा स्पर्धक त्याच शब्दाला फसतो. त्या स्थितीत लॅट (पाठीच्या दोन्ही कडांचे रुंद स्नायू) उघडलेले, पोट आत, मांड्या आवळलेल्या आणि छाती उचललेली असते. परीक्षक तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ याच अवस्थेत बघतात.

प्रत्येक पोझ जमिनीपासून वर बांधायची. आधी पाय रोवायचे, मग पोटरी, मांडी, पोट, आणि हात सगळ्यात शेवटी. फ्रंट डबल बायसेप्समध्ये बहुतेकांचे हात एकदम वर जातात आणि पाय मोकळे राहतात. हात वर गेल्यावर मांडी आवळायला गेलं की अंग हलतं, आणि ते हलणं समोरून स्पष्ट दिसतं. कोपरं खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर, आणि जरा पुढे. कोपरं मागे गेली की लॅट नाहीसे होतात.

बॅक डबल बायसेप्समध्ये एक पाय मागे घेऊन चवड्यावर टेकवा, पोटरी आणि मांडीचा मागचा भाग दोन्ही आवळा आणि वरचं अंग थोडं मागे कलवा. परीक्षक स्टेजच्या खाली बसलेले असतात. तुम्ही पुढे झुकलात तर त्यांना पाठीचा वरचा भाग दिसतच नाही. साइड चेस्टमध्ये परीक्षकांकडचा गुडघा वाकवून चवड्यावर भार द्या आणि ती मांडी दुसऱ्या मांडीवर दाबा. दाबल्याने ती रुंद दिसते आणि मागचा स्नायू बाहेर येतो. अ‍ॅब्डॉमिनल पोझमध्ये श्वास पूर्ण सोडूनच पोट आवळायचं. श्वास भरून केलं की पोट पुढे येतं आणि वरचे दोन चौकोन सोडून बाकी काही दिसत नाही.

श्वास कोंडायचा नाही. हे वाचायला सोपं आहे, पण २० सेकंद लॅट स्प्रेड धरून बघा: चेहरा लाल, मान फुगलेली, ओठ थरथरताहेत. वरवर, छोटे श्वास चालू ठेवायची सवय लागायला महिने जातात. सुरुवातीला प्रत्येक पोझ १० सेकंद, मग २०, मग ३०. शेवटी साती पोझेस मध्ये न थांबता, सलग दोन फेऱ्या. तुलनेसाठी परीक्षक पुन्हापुन्हा पुढे बोलावतात तेव्हा एवढी ताकद टिकवावी लागतेच. मांडीच्या मागे आणि पोटरीत गोळा येतो तो इथेच, आणि सरावानेच जातो.

आरशासमोर शिका, पण शेवटचे ५-६ आठवडे आरशाकडे पाठ करा. स्टेजवर आरसा नसतो, त्यामुळे पोझ अंगाला आतून कळली पाहिजे. फोन कंबरेच्या उंचीवर, ५-६ मीटर लांब ठेवून व्हिडिओ काढा आणि लगेच बघा. स्वतः क्रम म्हणू नका, दुसऱ्या कुणाला तरी उलटसुलट नावं पुकारायला सांगा. नाव ऐकून अंग आपोआप वळलं पाहिजे. आणि रांगेच्या टोकाला उभे असाल, कुणी बोलावलेलं नसेल, तरी सैल पडू नका. नजर कधीही तुमच्याकडे वळू शकते.

वैयक्तिक पोझिंग असेल तर संगीत साधारण ६० सेकंदांचं लागतं, नेमका वेळ नियमावलीत बघा. तुमच्या पाठीला जोर नसेल तर पाठीच्या पोझेस भराभर उरका आणि जे चांगलं आहे तिथे ठोक्यावर थांबा.

---

नवा_भिडू

दोघांचेही मनापासून आभार. ही स्पर्धा सोडतो आणि २० आठवड्यांनंतरची धरतो. पोझिंग आज रात्रीपासून सुरू. फक्त पाणी-मिठाचं राहिलं. आणि टॅन (अंगाला लावायचा गडद रंग) आदल्या दिवशी लावायचा की त्याच दिवशी?

---

वजनकाटा

पाणी बंद करू नका, मीठही नाही. कारण समजून घ्या, म्हणजे जिममध्ये कुणी आग्रह केला तरी डगमगणार नाही.

स्नायूचा तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे. ग्लायकोजेनचा (स्नायूत साठवलेल्या कार्ब्जचा) प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. स्नायू गच्च भरलेला दिसतो तो याच पाण्यामुळे. 'फक्त कातडीखालचं पाणी काढायचं' असं शरीरात काही होत नाही. पाणी तोडलं की ते सगळीकडून जातं, रक्तातूनही. रक्ताचं प्रमाण घटलं की पंप (स्नायूत रक्त भरून येणारी फुगवट) येत नाही, शिरा बसतात आणि माणूस स्टेजवर फ्लॅट, म्हणजे रिकामा दिसतो. मीठ तोडलं की अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि शरीर उलट सोडियम आणि पाणी धरून ठेवू लागतं. शिवाय आतड्यातून ग्लुकोज शोषला जायला सोडियम लागतो. म्हणजे ज्या दिवशी कार्ब्ज भरायचे, त्याच दिवशी त्यांची वाट अडवल्यासारखं होतं. आणि पाणी काढायच्या गोळ्यांचं नावही नको. पोटॅशियमचं प्रमाण बिघडून हृदयाचे ठोके चुकतात. व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर अशाच निर्जलीकरणाने गेला. उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक प्रतिबंधित यादीतही या गोळ्या आहेत.

शेवटच्या आठवड्यात करायचं ते एवढंच. पायांचा शेवटचा व्यायाम ५-६ दिवस आधी, कारण दुखऱ्या पायांत सूज राहते आणि मांडीच्या रेषा पुसट होतात. शेवटचे २ दिवस कार्ब्ज नेहमीच्या दीडपट ते दुप्पट, पण ओळखीच्याच पदार्थांतून. तंतुमय भाज्या आणि सॅलड त्या २ दिवसांत कमी, म्हणजे पोट सपाट राहतं. पाणी रोजच्याइतकंच, सकाळी घोट-घोट. या २ दिवसांची रंगीत तालीम ३-४ आठवडे आधी एकदा करून फोटो काढा. दीडपटीने पोट फुगलं तर तेव्हाच कळेल.

चरबी उतरलेली नसेल तर या आठवड्यात काहीही करून ती लपत नाही. 'पाणी धरलंय' असं ज्याला म्हणतात ती दहातल्या नऊ वेळा उरलेली चरबीच असते.

---

पडद्यामागे

टॅन दोन्ही दिवशी. आदल्या संध्याकाळी दोन थर, सकाळी गरजेप्रमाणे एक. काही संघटना हाताला लागणाऱ्या टॅनवर बंदी घालतात, म्हणून आधी नियम वाचा.

टिकणाऱ्या टॅनमधला घटक कातडीच्या वरच्या मृत थराशी रासायनिक क्रिया करून रंग आणतो. त्याला पूर्ण चढायला ८-१० तास लागतात. म्हणून कातडी कोरडी, स्वच्छ आणि खरखरीतपणा काढलेली हवी. अंगावरचे केस २-३ दिवस आधी काढा. त्याच सकाळी वस्तरा फिरवला तर छिद्रांत रंग बसून ठिपके दिसतात. टॅनच्या दिवशी डिओ, तेल, क्रीम काहीही नाही. काखेत डिओ राहिला तर तिथला रंग हिरवट होतो. कोपर, गुडघे, घोटे रंग जास्त पितात, तिथे हात हलका ठेवा. तळहात आणि बोटांच्या सांध्यांवरचा रंग लगेच पुसा. चेहऱ्यावर एक थर कमी.

रंग आरशात भीतीदायक गडद वाटला पाहिजे. प्रखर दिव्यांत कातडी फिकी पडते आणि स्नायूंमधल्या रेषा धुऊन जातात, त्यासाठीच हा खटाटोप. रात्री सैल, गडद, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जुनी गडद चादर. पाणी नळीने प्या, हनुवटीवरून ओघळलेला एक थेंब छातीवर पांढरी रेघ ओढतो. शौचालयात मांड्यांवर उडालेल्या थेंबांचंही तेच.

पिशवीत: ओळखपत्र, नोंदणीची पावती, दोन पोझिंग ट्रंक (एकावर डाग पडतोच), नंबर लावायला सेफ्टी पिना, रेझिस्टन्स बँड, चपला, जुना टॉवेल, उरलेला टॅन, संगीताच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी, आणि डब्यात नेहमीचं जेवण. वेळापत्रक २-३ तास पुढे सरकणं नेहमीचं आहे, म्हणून एक जेवण जास्तीचं ठेवा.

वॉर्म-अप तुमचा गट स्टेजवर जायच्या २० मिनिटं आधी. बँडने खांदे, पाठ, छाती, थोडे हात. दमायचं नाही, घाम फुटायच्या आत थांबायचं. मांड्यांना हात लावू नका, त्या फुगल्या की कट्स बुजतात. तेल वापरायची परवानगी असेल तर अगदी शेवटी, पातळ, आणि पाठीला दुसऱ्या कुणाकडून. जास्त तेल लागलं की दिव्यात नुसतीच चमक दिसते.

---

वजनकाटा

एक राहिलं. स्पर्धेनंतरचा आठवडाही आत्ताच लिहून ठेवा. त्या रात्री मनासारखं एक जेवण जेवा, पण दुसऱ्या सकाळपासून ठरलेलं खाणं: शेवटच्या आकड्यापेक्षा ३००-४०० कॅलरी जास्त, आणि २ महिन्यांत हळूहळू नेहमीच्या पातळीवर. पहिल्या ३-४ दिवसांत ३ किलो वाढणं आणि घोटे सुजणं बहुतेक पाण्यामुळे असतं, त्याला घाबरून पुन्हा उपाशी राहू नका. आणि तयारीत कधीही उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधड झाली किंवा ठोके चुकताहेत असं वाटलं, तर त्या दिवशी व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा, स्पर्धा २ दिवसांवर असली तरीही.