शब्दचर्चा : प्रायमरी, बंडखोर आणि ‘नावापुरता रिपब्लिकन’

प्रश्न

टेक्सासच्या राजकारणावर तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह लेखकांनी लिहिलेल्या एका लेखाचं मराठी करतो आहे. विषय २०२४ च्या रिपब्लिकन प्रायमरीचा. ‘प्रायमरी’ला कोशात ‘प्राथमिक निवडणूक’ सापडते, पण ती वाचून माणसाला प्राथमिक शाळा आठवते. विद्यमान आमदाराविरुद्ध त्याच्याच पक्षाचा माणूस उभा राहतो, त्याला ‘बंडखोर’ म्हणावं का? आणि ‘रायनो’चं (RINO, ‘रिपब्लिकन इन नेम ओन्ली’चं लघुरूप) काय करावं?

प्रतिसाद १

प्रायमरी हाच शब्द ठेवा. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने काही मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार ठरवण्याचा प्रयोग केला होता, त्यात आपला वर्धा होता. तेव्हाही लोक ‘प्रायमरी’च म्हणत होते. फार तर पहिल्या उल्लेखात ‘उमेदवार ठरवण्याची निवडणूक’ असं फोडून सांगा.

प्रतिसाद २

बंडखोर मुळीच नको. हा शब्द आपल्याकडे तिकीट वाटपातून आला आहे. पक्षाने एकाला तिकीट दिलं, दुसरा नाराज झाला, त्याने अपक्ष अर्ज भरला, मग मुदत संपेपर्यंत त्याची मनधरणी चालली : हे सगळं त्या एका शब्दात आहे. टेक्सासात तिकीट कुणी देतच नाही. ठरावीक वय-वास्तव्याच्या अटी पुऱ्या करून, शुल्क भरून कुणीही रिपब्लिकन प्रायमरीत उतरतो आणि मतदार निवडतात. मतदाराची पक्षनोंदणीही तिथे नसते. मतदानाच्या दिवशी तो कुठल्या पक्षाची मतपत्रिका मागतो, एवढंच. जिथे वरून नाव येतच नाही, तिथे बंड कुणाविरुद्ध? ‘आव्हानवीर’ म्हणा, ‘प्रतिस्पर्धी’ म्हणा.

उलट, आपला नेहमीचा बंडखोर तिथे कायद्यानेच उभा राहू शकत नाही. प्रायमरी हरलेल्याला त्याच वर्षी नोव्हेंबरात अपक्ष म्हणून लढता येत नाही. अलास्कात मात्र २०१० साली सिनेटर लिसा मर्कोव्स्की प्रायमरीत जो मिलर यांच्याकडून हरल्या, आणि नोव्हेंबरात मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना, मतदारांनी हाताने नाव लिहून त्यांना निवडून दिलं. तिथे ‘बंडखोरी’ लिहिलंत तर मी हरकत घेणार नाही.

प्रतिसाद ३

मी ह्यूस्टनला बरीच वर्षं राहतो आणि हे लेखन नेमाने वाचतो, त्यातल्या बऱ्याचशा मतांशी सहमतही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘रायनो’साठी ‘नावापुरता रिपब्लिकन’ चपखल आहे. ‘गद्दार’ लिहू नका. २०२२ पासून महाराष्ट्रात त्या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे तो पक्ष फोडणाऱ्याचा आहे, आणि रायनो म्हटला जाणारा माणूस पक्षातच असतो. पण हे वर्णन नाही, आरोप आहे. त्यामुळे ‘विरोधक ज्यांना नावापुरते रिपब्लिकन म्हणतात’ असं लिहिणं प्रामाणिक ठरेल.

तुमच्या लेखाचा संदर्भ बहुधा शाळांचा असणार. सरकारी पैसा पालकांच्या हाती देऊन खाजगी शाळेची फी भागवू द्यावी, ही गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांची योजना. नोव्हेंबर २०२३ मध्ये २१ रिपब्लिकन आमदारांनी डेमोक्रॅट्सबरोबर मत देऊन ती विधेयकातून काढायला लावली. यातले बरेचसे ग्रामीण भागातले. त्यांच्या गावांत खाजगी शाळा जवळपास नाहीतच आणि सरकारी शाळा हीच गावातली मोठी नोकरी देणारी संस्था. पालकाला निवडीचं स्वातंत्र्य द्यावं हे कॉन्झर्व्हेटिव्ह मत आहे, आणि गावातली चालू संस्था मोडू नये हेही कॉन्झर्व्हेटिव्ह मतच आहे. मी स्वतः पालकांच्या बाजूचा. तरी त्या २१ जणांना सरसकट नावापुरते म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अ‍ॅबट यांनी पुढच्या प्रायमरीत त्यांच्यातल्या अनेकांविरुद्ध उघड प्रचार केला, काही जण पडले, आणि मे २०२५ मध्ये योजनेचा कायदा झाला.

याला ‘तिकीट कापलं’ म्हणू नका. गव्हर्नरने ताकद लावली, पण पाडलं मतदारांनी. ‘प्रायमरीत पाडलं’ हेच बरोबर. नुसतं आव्हान दिलं असेल तर ‘प्रायमरीत घेरलं’.

आणि कृपा करून कॉन्झर्व्हेटिव्हला ‘पुराणमतवादी’ करू नका. कर कमी, सरकार आटोपशीर, राज्याचे अधिकार राज्याकडे, असं मानणाऱ्याला पुराणमतवादी म्हटलं की वाचकाचा निकाल आधीच लागतो. ‘परंपरानिष्ठ’ही पुरत नाही, कारण कराच्या दराला परंपरेशी काय देणंघेणं? कॉन्झर्व्हेटिव्ह देवनागरीत लिहावं, ते आता सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद ४

‘गव्हर्नर’ तसाच ठेवला हे उत्तम. ‘राज्यपाल’ म्हटलं की राष्ट्रपतींनी नेमलेले गृहस्थ डोळ्यापुढे येतात. तोच प्रकार अ‍ॅटर्नी जनरलचा. आपले महाधिवक्ता नेमलेले असतात. टेक्सासचे केन पॅक्स्टन लोकांनी निवडून दिलेले. मे २०२३ मध्ये तिथल्या हाऊसने (विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाने) त्यांच्यावर महाभियोग चालवायचं ठरवलं, सप्टेंबरमध्ये सिनेटने त्यांना निर्दोष ठरवलं. ‘महाधिवक्ता’ लिहिलं तर पुढच्या प्रायमरीत याचा हिशेब चुकता करायला ते स्वतः प्रचाराला का उतरले, हे वाचकाला कळणारच नाही.

मूळ प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. आता ‘रन-ऑफ’ उरला. हाऊसचे तेव्हाचे अध्यक्ष डेड फेलन मार्चमध्ये डेव्हिड कोव्ही यांच्या मागे पडले, पण निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नव्हती. मग २८ मेला दोघांतच लढत झाली आणि फेलन चारशेहून कमी मतांनी वाचले. ‘फेरमतदान’ लिहिलं आहे.

प्रतिसाद २ (पुन्हा)

फेरमतदान नको. यंत्र बिघडलं किंवा केंद्रावर गोंधळ झाला की आपल्याकडे निवडणूक आयोग त्या केंद्रावर फेरमतदान घेतो, त्यामुळे मार्चच्या मतदानात काही गैरप्रकार झाला असा समज होईल. ‘दुसरी फेरी’ लिहा. आणि फेलन यांना नुसतं ‘सभापती’ करू नका. विधानसभेला आपण अध्यक्ष म्हणतो, सभापती विधान परिषदेचे.