देवपूरचं घर : शनिवारी फरशीला भोकं पाडू द्यायची की नाही?

प्रेषक: ताई (देवपूर, धुळे; आता न्यू जर्सी)
बुधवार, रात्री

मंडळी, तातडीचं आहे म्हणून आपल्या खान्देशी मंडळाच्या लिस्टवर सगळ्यांनाच लिहितेय. आईच्या घरी परत उधई निघाली. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बदलली होती, ते तुम्हाला माहीतच आहे. आता तीच नवी चौकट खालून वीतभर पोकळ झालीय. शिवाय पुस्तकांच्या कपाटामागे मातीची नळी, फरशीपासून पार स्लॅबपर्यंत गेलेली.

औषधवाला शनिवारी सकाळी येतोय. तो म्हणतो, सगळ्या खोल्यांत भिंतीच्या कडेने फुटाफुटावर भोक पाडून औषध सोडावं लागेल. आई म्हणते, फरशीला हात लावू देणार नाही. 1974 ची शहाबादी आहे, बाबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली, पुसून पुसून आरशासारखी झालेली. आईचं म्हणणं, बाहेरून फवारा आणि चौकट पुन्हा बदला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोघी आत्या येणार, त्याआधी तिला घर आवरलेलं हवंय.

मला दोनच गोष्टी सांगा. भोकं खरंच लागतात का? आणि हौदाचं काय करायचं? स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच आहे, नानांनी पाहिलाय.

---

प्रेषक: नाना (अमळनेर)

ताई, भोकं लागतात. आईंना माझं नाव सांग.

चौकट बदलून काही होत नाही, कारण उधई चौकटीत राहत नाही. ती राहते जमिनीत, चौकटीत फक्त खायला येते. आमच्या अमळनेरच्या घरी आम्ही तीनदा चौकट बदलली. तिसऱ्या वेळी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं आणि म्हणाला, "भो, चौकट काय देखस, पाया देख." जोत्याला टेकून पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, गंजी होती, जळणासाठी आईनेच रचलेली. ती हलवली तर खाली सगळी माती ओली आणि पांढरी वळवळ. तिथून जोत्याच्या फटीतून घरात रस्ता.

तेव्हा शनिवारच्या आत आईंना किंवा शेजारच्या पोराला हे बघायला सांग. खिडकीतला कूलर कुठे गळतो? धुळ्यात चार महिने कूलर चालतो आणि चार महिने भिंतीचा तेवढाच भाग ओला राहतो. उधईला ओल लागतेच, त्या ओलीवरच ती जगते. बाहेर जोत्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसतात का? दिसल्या तर एकीचा बोटभर तुकडा मोडून ठेवायचा आणि दोन दिवसांनी पाहायचं. पुन्हा बुजवला असेल तर चालू रस्ता. बुजवला नसेल तरी निश्चिंत राहू नका, ती दुसरीकडून येते.

भोकांचा हिशेब असा. आपल्याकडच्या मानकात, आयएस 6313 च्या भाग 3 मध्ये, जुन्या घरांसाठीच लिहिलंय: 12 मिलिमीटरचं भोक, 300 मिलिमीटर अंतरावर, भिंतीला जितकं लगत घेता येईल तितकं, खालच्या मातीपर्यंत पोचणारं, आणि प्रत्येक भोकात 1 लिटर. दहा बाय बाराच्या खोलीची कड 44 फूट, म्हणजे दारं सोडली तरी चाळीसेक भोकं आणि चाळीसेक लिटर द्रावण, एका खोलीला. जो माणूस पाठीवरचा 15 लिटरचा एक पंप घेऊन अख्खं घर तासाभरात उरकतो, त्याने मातीत काहीच सोडलेलं नसतं. दोन वर्षांपूर्वी तसंच झालं असणार.

हौदाबद्दल रात्री लिहितो.

---

प्रेषक: दादा (चाळीसगाव, आता बे एरिया)

एवढं फोडाफोडीचं काय काम? आमचं घर 1958 चं. घेतलं तेव्हा तपासणीतच उधई निघाली. घरावर तंबू टाकला, गॅस सोडला, आम्ही तीन दिवस हॉटेलात राहिलो, खाण्याचं सामान खास पिशव्यांत बांधून ठेवलं. परत आलो तेव्हा एक भोक नाही की एक डाग नाही. धुळ्यात कोणी करत असेल तर विचारा.

---

प्रेषक: अक्का (भुसावळ)

दादा, तंबूचं इथे लागू नाही, आणि ताईंच्या आईंपर्यंत ते जाऊ देऊ नका, त्या तेच धरून बसतील. कॅलिफोर्नियात तुमच्याकडे निघाली ती कोरड्या लाकडात राहणारी जात. तिचं सगळं बिऱ्हाड लाकडातच असतं, मातीशी संबंध नाही. खाली वाळूच्या दाण्यांसारख्या लेंड्या पडतात, मातीच्या नळ्या नसतात. गॅस त्या बिऱ्हाडापर्यंत पोचतो. देवपूरला नळ्या आहेत म्हणजे ही मातीतली. जमिनीखालच्या वसाहतीला गॅसने काही होत नाही आणि गॅस उडून गेला की मागे काही उरतही नाही. आठवड्यात परत हजर.

---

प्रेषक: वहिनी (मंडळाच्या सचिव)

उधई म्हणजे वाळवीच ना? मी पुण्याची म्हणून विचारतेय, वर्गणीच्या पत्रात एकच शब्द वापरू.

आणि सगळ्यांना विनंती, औषधवाल्यांचे नंबर लिस्टवर टाकू नका. कारागिरांची वही मी ठेवते, माझ्याकडे मागा.

---

प्रेषक: अक्का

हो, वाळवीच. पण पत्रात उधईच राहू दे, खान्देशातल्या माणसाला तोच शब्द आतून कळतो.

ताई, एक राहिलं. नवी चौकट सागाची म्हणून घेतली होतीत ना? सागाला उधई लागत नाही हे अर्धंच खरं. सागाचा आतला तपकिरी गाभा ती सहसा सोडते, पण बाहेरचा फिकट भाग ती खाते. आजकाल चौकटीत तो फिकट भाग निम्मा असतो आणि वरून ऑइलपेंट, मग कळणार कसं? माझे वडील वखारीत लाकूड रंधून दाखवल्याशिवाय घेत नसत.

---

प्रेषक: आप्पा (चोपडा)

औषध कुठलं, हे अजून कोणीच विचारलं नाही. माझी सगळी नोकरी पीकसंरक्षणात गेली म्हणून सांगतो.

धुळ्यात दोनपैकी एक मिळेल. क्लोरपायरीफॉस 20 ईसी (डब्यावरचा आकडा म्हणजे औषधाचं टक्क्यांतलं प्रमाण), 1 लिटर औषधाला 19 लिटर पाणी. किंवा इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी, लिटर पाण्याला 2.1 मिली. पहिल्याला उग्र वास येतो. अमेरिकेत 2000 सालच्या करारानंतर क्लोरपायरीफॉसचा घरगुती वापर जवळजवळ बंद झाला, पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो म्हणून. घरात आई एकट्या, आखाजीला लहान पोरं येणार, तर मी इमिडाक्लोप्रिडच सांगेन. कपाशीच्या बियाण्याला लावतात तेच हे. उधईला त्याचा वास येत नाही, ती त्यातूनच जाते आणि एकमेकींना भरवता भरवता ते पसरतं. परिणाम दिसायला वेळ लागतो, तेव्हा सोमवारी एखादी जिवंत दिसली म्हणून औषधवाल्याशी भांडू नका.

डबा सीलबंद समोर फोडायला सांगा आणि द्रावण समोर बनवायला सांगा. जुन्या साठ्यातलं काही नको. क्लोरडेन हे उधईचं जुनं औषध अमेरिकेने 1988 ला बंद केलं, पण त्याचे अंश त्या घरांखालच्या मातीत अजून सापडतात.

---

प्रेषक: नाना

आप्पा बरोबर आहेत. बाहेरच्या चरात मात्र घाई नको. देवपूरची काळी माती आता उन्हाने फाटलेली असेल, जोत्याच्या कडेला बोट जाईल एवढी भेग. वरून ओतलं तर सगळं औषध भेगेतून खाली निघून जातं आणि मधली माती कोरडीच. आधी कुदळीने भेगा फोडून माती मोकळी करायची, पायाच्या कडेने हातभर खोल चर घ्यायचा, उघड्या पडलेल्या बाजूवर चौरस मीटरला साडेसात लिटर, मग माती परत भरताना तीही भिजवायची.

आता हौद. माझ्या इथल्या घराला विहिरीचं पाणी आहे, त्यामुळे हे मी समोर पाहिलंय. पाण्याजवळ जमिनीत दाबाने औषध सोडत नाहीत. त्या बाजूची माती खणून ताडपत्रीवर काढतात, तिथे औषध मिसळतात, मुरू देतात आणि मग परत भरतात. हौद आधी रिकामा करा, आतून गिलावा तडकलाय का ते बघा. तडकला असेल तर ती भिंत या वेळी सोडूनच द्या. उधई परवडली, पाणी नासलेलं परवडत नाही.

---

प्रेषक: दादा

शहाबादीचे सांधे दोन फुटांवर असतात. भोकं फुटावर हवीत. मग मधलं भोक लादीतच येणार ना? आईंची हरकत तीच आहे.

---

प्रेषक: नाना

येणार. एक सांध्यात, एक लादीत, अगदी भिंतीला चिकटून. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून सावकाश गेलं तर लादी तडकत नाही. भोक बुजवताना पांढऱ्या सिमेंटमध्ये शहाबादीचीच भुकटी मिसळायची, ड्रिल करताना निघते तीच. फक्त आधी नळाची लाइन कुठून जाते ते तुझ्या भावाला विचारून खडूने आखून घ्या.

---

प्रेषक: ताई
रविवार

काम झालं.

शुक्रवारी रात्री आईला व्हिडिओवर घेतलं. अक्कांनी फोनवर सांगितलं तसं तिला लाटण्याने चौकट वरून खाली ठोकत यायला लावलं. वर खणखणीत आवाज, गुडघ्याच्या खाली पुठ्ठा वाजवावा तसा. मग तिने स्वेटरची सुई टेकवली. जोर लावलाच नाही, पण सुई मुठीपर्यंत आत गेली. काढली तेव्हा रंगाचा पापुद्रा फाटून ओली माती तिच्या हातावर सांडली आणि मनगटावरून चारपाच पांढऱ्या उधई चालायला लागल्या. ती बराच वेळ हात तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा होते तेव्हा फरशी होती आणि घरपण होतं. पाडा भोकं."

देवघरात मात्र तिने नाहीच पाडू दिलं. ती भिंत बाहेरची आहे, म्हणून तिथे बाहेरून खाली तिरकं, पंचेचाळीस अंशात ड्रिल केलं. माणूस चांगला होता, त्याने मानकाचं नाव ऐकल्यावर स्वतःच लिटरवर खूण केलेली बाटली काढली. आई खुर्ची टाकून बसली आणि मोजत राहिली. 131 भोकं. त्याने 120 ची पावती केली होती, तिने दुरुस्त करून घेतली.

हौदाची आतली बाजू धड निघाली. त्या बाजूची माती ताडपत्रीवर काढून केली. कूलरखाली पत्र्याची पन्हाळ बसवली, पाणी आता तुळशीकडे जात नाही, गटारीला जातं.

चौकट अजून बसवलेली नाही. नाना, आखाजीला पडदा लावून भागवू. मृगाच्या पहिल्या पावसानंतर खिडकीत उधईचे पंख पडतात का ते बघू आणि मगच सुताराला बोलवू, असं ठरवलंय. अक्का, वखारीत तुमच्या भावाला आईबरोबर पाठवाल का? रंधून दाखवायला सांगेल असं कोणीतरी बरोबर हवं.