अल्बानिया–मॉन्टेनेग्रो–उत्तर मॅसेडोनिया: जूनमध्ये भाड्याच्या गाडीनं

प्रश्न: कोल्हापुरातून चौघं, १२ दिवस. तिराना (अल्बानियाची राजधानी) ते तिराना जमेल का? व्हिसा, गाडी, परवाना कसं करायचं?

उत्तर १: ताराबाई पार्कातल्या आरटीओत फॉर्म ४-ए भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. मूळ लायसन्सही सोबत हवंच. मल्टिपल एंट्री (अनेकदा आत-बाहेर करता येणारा) शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, असला तर तिन्ही देशांत वेगळा व्हिसा लागत नाही, पण अल्बानियाला तो आधी एकदा वापरलेला लागतो. इथंच बरेच जण अडकतात.

उत्तर २: गाडी ठरवतानाच सीमा ओलांडायची लेखी परवानगी आणि ग्रीन कार्ड विमा (दुसऱ्या देशांतही चालणारा गाडीचा विमा) मागा. कार्डावर तिन्ही देशांची अक्षरं (एएल, एमएनई, एनएमके) खोडलेली नाहीत ना, बोट ठेवून बघा. गाडी उजवीकडनं चालवायची, गिअर उजव्या हातात. सवय नसेल तर ऑटोमॅटिकच घ्या भावा.

उत्तर ३: मॉन्टेनेग्रोत कोटोरवरून न्येगुशी गावाला चढणारा रस्ता फार अरुंद, २५ वळणं. आंबा घाटाच्या भरवशावर राहू नका. सकाळी लवकर निघा, उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापतात. उत्तर मॅसेडोनियातल्या ओह्रिडहून अल्बानियात परतताना स्वेती नाऊमची सीमा घ्या, तळ्याकाठनंच जाता येतं. मॉन्टेनेग्रोत युरो, अल्बानियात लेक आणि उत्तर मॅसेडोनियात देनार.