मदत हवी आहे: मणक्याच्या दुखापतीत स्टेम सेल आणि ॲक्युपंक्चर एकत्र घ्यावं का?

माझ्या धाकट्या भावाच्या मज्जारज्जूला टी-४ (छातीच्या भागातला चौथा मणका) पातळीवर दुखापत झाली आहे, छातीखाली काहीच जाणवत नाही. आता एका ठिकाणी स्टेम सेलसोबत इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर सुचवलंय. आई आशा लावून बसली आहे, मला मात्र धीर होत नाही.

मी वाचलं ते बहुतेक उंदरांवरचं. पाठीच्या मध्यरेषेवर सुयांमधून सौम्य वीजप्रवाह दिला की जखमेजवळ न्यूरोट्रॉफिन-३ (मज्जापेशी जगवणारं प्रथिन) वाढतं आणि तिथे सोडलेल्या स्टेम सेल जास्त तगतात. जपानने २०१८ मध्ये रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वापरायला सशर्त मंजुरी दिली, पण ती ताज्या दुखापतीसाठी. भावाची जुनी आहे.

खरी भीती वेगळीच. दुखापत टी-६ च्या वर असल्याने साधा कॅथेटर (लघवीची नळी) तुंबला तरी त्याचं बीपी एकदम चढतं, डोकं ठणकतं, चेहरा घामाने डबडबतो. सुयांमुळे किंवा करंटमुळे असं झालेलं कुणी पाहिलंय का? ते करताना बीपी कोण बघत होतं? आणि ज्यांनी पेशी टोचून घेतल्या त्यांनी, त्या कुठून काढल्या आणि नंतर एमआरआयने किती काळ लक्ष ठेवलं, तेवढं कृपया सांगा. कुणी फिजिओथेरपिस्ट किंवा न्यूरोसर्जन असाल तर नक्की लिहा. होकार कळवायचा आहे, त्याआधी ऐकायचं आहे.