मोजक्या भागांची मालिकाच प्रेक्षकाशी अधिक प्रामाणिक राहते का?

अनिमिष (चर्चेचा आरंभ)

गेल्या महिन्यात मी ‘चेर्नोबिल’, ‘अ‍ॅडोलसन्स’ आणि ‘बेटर कॉल सॉल’ या तीन मालिका पाहून पूर्ण केल्या. पहिलीचे ५ भाग आहेत, दुसरीचे ४ आणि तिसरीचे ६३. तिन्ही दर्जेदार आहेत याविषयी मला शंका नाही. तरीही माझे मत असे झाले आहे की ज्या मालिकेचा शेवट चित्रीकरणापूर्वीच ठरलेला असतो, तीच प्रेक्षकाच्या वेळेचा आणि विषयाच्या गांभीर्याचा मान राखते.

‘अ‍ॅडोलसन्स’चा (२०२५) प्रत्येक भाग कोणताही तुकडा न जोडता सलग चित्रित केलेला आहे. तेरा वर्षांच्या जेमीला शाळेतील एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून पोलीस पहाटे घरातून घेऊन जातात आणि तेव्हापासून कॅमेरा कुठेही नजर हटवत नाही, त्यामुळे आपल्यालाही ती हटवता येत नाही. खून कोणी केला हे पहिल्याच भागाच्या अखेरीस उघड होते. उरलेले तीन भाग ‘का’ या एकाच प्रश्नाला दिलेले आहेत. तिसऱ्या भागात जेमी आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यातील संभाषण जवळजवळ पूर्ण वेळ एकाच खोलीत चालते आणि मुलाच्या चेहऱ्यावरचा कोवळेपणा व संताप क्षणाक्षणाला जागा बदलत राहतात. हीच कथा दहा भागांची झाली असती तर साक्षीदार, उपकथानके आणि न्यायालयीन डावपेच यांत तो प्रश्न हरवला असता.

मृण्मयी

‘अ‍ॅडोलसन्स’बद्दल आपण जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष मुळीच मान्य नाही. ‘बेटर कॉल सॉल’मधील वकील मंडळापुढची सुनावणी आठवून पाहा. विजेच्या उपकरणांजवळ आपल्याला शारीरिक यातना होतात अशी ज्येष्ठ वकील असलेल्या चकची ठाम समजूत आहे. आपल्या खिशात चार्ज केलेली बॅटरी बराच वेळ होती आणि तरीही काहीच जाणवले नाही, हे त्याला भर सुनावणीत कळते, आणि मग धाकट्या भावाविषयी, म्हणजे मालिकेचा नायक जिमीविषयी, आयुष्यभर साठलेली कटुता तो सर्वांसमोर ओकतो. हा प्रसंग मालिकेच्या २५व्या भागात येतो. तोपर्यंत आपण त्या अंधाऱ्या घरात कंदिलाच्या उजेडात वावरलेलो असतो, आत शिरण्यापूर्वी फोन बाहेरच्या टपालपेटीत ठेवणारी माणसे पाहिलेली असतात, जिमीने केलेली शुश्रूषा पाहिलेली असते आणि त्याने केलेली फसवणूकही. म्हणूनच चक कोसळतो तेव्हा कोणाची बाजू घ्यावी हे ठरवता येत नाही. हा अनुभव ४ भागांत उभा राहू शकत नाही, कारण माणसाच्या स्वभावाची सवय व्हायला प्रेक्षकालाही काळ लागतो.

अन्वय

माझा आक्षेप १९८६च्या सोव्हिएत अणुदुर्घटनेवरील ‘चेर्नोबिल’संबंधी (२०१९) आहे. आटोपशीरपणाची किंमत कधीकधी सत्याला मोजावी लागते आणि ही मालिका त्याचे ठळक उदाहरण आहे. शेवटच्या भागात शास्त्रज्ञ व्हॅलेरी लेगासोव्ह न्यायालयात उभे राहून अणुभट्टीच्या रचनेतील दोष जाहीरपणे सांगतात. प्रत्यक्षात १९८७ साली झालेल्या त्या खटल्याला लेगासोव्ह उपस्थितच नव्हते. उलाना खोम्युक हे पात्रही काल्पनिक असून ते अनेक शास्त्रज्ञांचे प्रतिनिधी म्हणून निर्माण केले, असे मालिकेच्या अखेरीस सांगितलेले आहे. आरंभी दोषाचा मुख्य भार अणुभट्टी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांवर टाकला गेला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने १९९२च्या अहवालात आपल्या १९८६च्या निष्कर्षांची फेरमांडणी केली आणि रचनेतील दोषांवर अधिक भर दिला. म्हणजे सत्य उजेडात येण्याची प्रक्रिया संथ आणि संस्थात्मक होती. ती एका माणसाच्या एका भाषणात बसवली की प्रेक्षकाच्या मनात चुकीचे चित्र कायमचे राहते, आणि इतक्या मोठ्या आपत्तीबाबत मला ती गोष्ट किरकोळ वाटत नाही.

अनिमिष

अन्वय, तपशिलांबाबत दुमत नाही. परंतु हा दोष भागांच्या संख्येचा नाही, पटकथाकाराच्या निवडीचा आहे. क्रेग मेझिन यांनी मालिकेसोबतच्या पॉडकास्टमध्ये असे बदल स्वतःच उघडपणे सांगितले होते. शिवाय त्याच न्यायालयीन प्रसंगात लाल आणि निळ्या पाट्यांच्या साहाय्याने अणुभट्टीचे संतुलन कसे ढळत गेले आणि आणीबाणीचे बटण दाबल्यावर अभिक्रिया आवरणाऱ्या नियंत्रक दांड्यांच्या ग्राफाइटच्या टोकांनी अभिक्रिया उलट कशी वाढवली, हे विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या माणसालाही समजेल इतक्या स्वच्छपणे मांडलेले आहे. ते मला आजही अत्यंत मोलाचे वाटते.

मृण्मयी, आपण दिलेले उदाहरण समर्थ आहे, पण ते अपवादात्मक आहे. पुढचे पर्व होईल की नाही हे दरवर्षी नव्याने ठरत असेल तर लेखकाला प्रत्येक पर्वाच्या शेवटी एक दार उघडे ठेवावेच लागते, आणि अनेक मालिकांत कथेची गरज संपल्यावरही ते दार लोटले जात नाही. कालप्रवासावरील जर्मन मालिका ‘डार्क’ला (२०१७ ते २०२०) तीन पर्वे आणि २६ भाग लागले, तरी ३३ वर्षांच्या कालचक्राचा तो गुंता शेवटपर्यंत सुसंगत राहिला, कारण ती कथा तीन पर्वांचीच म्हणून आखलेली होती.

मृण्मयी

‘डार्क’सारख्या कोड्याला आराखडा लागतो, हे खरे आहे. माणसांच्या कथेला मी तो नियम लावणार नाही. चक हाच जिमीच्या वाटेतला खरा अडसर आहे, हे ‘बेटर कॉल सॉल’च्या लेखकांना पहिल्या पर्वाचे लेखन चालू असताना उमगले, आरंभी ती जागा चकचा भागीदार वकील हॉवर्ड याच्यासाठी योजलेली होती. चकची भूमिका करणारे मायकल मकीन यांचा अभिनय पाहता पाहता लेखकांनी आपला बेत बदलला. सारे काही आधीच ठरवून ते लिहायला बसले असते, तर ज्या सुनावणीविषयी मी वर लिहिले ती या मालिकेत कधी आलीच नसती.