मदत हवी आहे : पंधरा दिवसांचं महागडं कर्ज कधी घ्यावं का?

धाकट्या भावाची गाडी बंद पडली आहे. त्याचं कामच गाडीवरचं, त्यामुळे एकेक दिवस बुडतोय. पगाराला अजून दोन आठवडे आहेत. मोबाइलवरून लगेच मिळणारं कर्ज घ्यायचं त्याच्या मनात आहे आणि माझा जीव खालीवर होतोय.

मी हिशेब मांडून पाहिला. 100 मागे दोन आठवड्यांना 15. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचा दर धरला तर 390 टक्के! शिवाय प्रक्रिया शुल्क म्हणून 10 आधीच कापून घेतात. म्हणजे हातात 90 पडणार आणि फेडायचे 115. खरी भीती मुदतवाढीची आहे. चार वेळा नुसते 15 भरून मुदत वाढवली, तर 60 जातात आणि मूळ 100 तसेच डोक्यावर.

पण त्याचंही अगदीच चूक नाही. आठ दिवसांची कमाई बुडण्यापेक्षा एकदाच 15 गेलेले परवडतील, असं तो म्हणतो. पगार नक्की येणार असेल आणि एका फटक्यात फेडता येणार असेल, तर हे पटण्यासारखं आहे का? की पगारातून फेडल्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा तीच ओढाताण होते?

मालकाकडे उचल मागणं, गॅरेजवाल्याला हप्ते पाडून मागणं किंवा पतसंस्था, हे त्याला सुचवलंय. उचल मागायला तो संकोचतो.

असं कर्ज घेऊन वेळेत मोकळं झालेलं कुणी आहे का? आणि करारात नेमकं काय तपासायचं? त्याला उद्यापर्यंत ठरवायचं आहे.